एनोसाचे बंद पाठीचे हेडफोन

एनोसाला हेडफोन हवे होते. बस, एवढीच मागणी. जमीन नको, मोटार नको, साहेबाची खुर्ची नको. कानावर घालायचं एक स्वस्तातलं यंत्र हवं होतं, ज्यातलं गाणं त्याला एकट्याला ऐकू येईल आणि दुसऱ्या कुणालाही येणार नाही. पण ज्या घराला भिंतीच नाहीत, त्या घरात 'एकट्याला' म्हणजे काय, हे आधी कुणाला समजावून सांगायचं?

सासुरवाडीचं घर म्हणजे गोल उभे केलेले खांब, वर छप्पर आणि खाली चटया. पाऊस तिरका आलाच तर नारळाच्या झापांचे पडदे सोडायचे, तो गेला की पुन्हा गुंडाळायचे. गावातली बहुतेक घरं अशीच. इकडच्या घरात कुणी शिंकलं तर पलीकडच्या घरातून "बरं नाही का रे?" असा प्रश्न येतो. नवराबायकोचं भांडण लागलं तर शेजारी आधी नीट ऐकून घेतात आणि मग निकाल देतात. निकाल बहुधा बायकोच्या बाजूनं लागतो, कारण गाव तिचं असतं.

इथंच एनोसाचं खरं दुखणं होतं. तो मूळचा समोरच्या सावाई बेटावरचा. लग्न झालं आणि तो फुआतिनोच्या गावी राहायला आला. राजधानीत, आपियाच्या सरकारी कचेरीत तो वरिष्ठ कारकून होता. इस्त्रीचा शर्ट, खिशांची काळी लुंगी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. कचेरीत शिपाई त्याला उठून वाट देत. गावात मात्र तो घरजावई, आणि घरजावयाची किंमत जगात कुठेही गेलात तरी तीच. रविवारी पहाटे भट्टीचे दगड तापवायचे, धूर डोळ्यांत घ्यायचा, डुक्कर भाजायचं, पंगतीला वाढायचं आणि सगळ्यात शेवटी जेवायला बसायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं शाळेत जायला लागली, तरी म्हातारी माणसं त्याला "काय पाहुणे, रुळलात का?" असं विचारत. तो हसून "हो" म्हणायचा आणि आतल्या आत जळायचा.

अशा माणसाला चर्चच्या गायकवृंदात चार ओळी एकट्यानं गायला मिळाल्या, म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. गावानं नवं चर्च बांधलं होतं. त्याच्या अर्पणाच्या दिवशी बाहेरगावची मंडळी येणार, मोठे पाद्री येणार, आणि मधल्या स्तोत्रात सगळा वृंद थांबणार आणि एक पुरुष वरच्या पट्टीत चार ओळी म्हणणार. वृंदाचे मास्तर सुलामानाया हे निवृत्त शिक्षक. वृंदातल्या बायकाही त्यांना टरकून असत. त्यांनी सगळ्यांचे आवाज तपासले आणि बोट एनोसाकडे केलं. "तू. पण तिसरी ओळ तुझी पडते. दोन महिने देतो. जमलं तर तू, नाही तर लाफाएले."

लाफाएले म्हणजे फुआतिनोचा थोरला भाऊ. नुकतीच त्याला घराण्याच्या प्रमुखाची पदवी मिळाली होती, त्यामुळे तो आता गावच्या पंचांत बसत होता आणि घरात नुसता खाकरला तरी निवाडा दिल्यासारखा खाकरत होता. आवाज जाडाभरडा, पण पोहोच मोठी.

मास्तरांनी चाल फोनवर गाऊन पाठवली होती. ती ऐकून एनोसानं तालीम करायची. पहिल्या संध्याकाळी त्यानं फोन लावला आणि हळूच गुणगुणायला सुरुवात केली. दुसरी ओळ संपायच्या आत उजवीकडच्या घरातून सल्ला आला, "छातीतून काढ, छातीतून!" डावीकडून म्हातारी ओरडली, "नाकात गातोय तो!" आणि सासूबाई मालाएया, ज्या आयुष्यात कधी सुरात गायल्या नव्हत्या, त्या चटई विणता विणता म्हणाल्या, "जावईबापू, आमचे हे असताना ही ओळ ऐकून समुद्र थांबायचा." एनोसानं फोन बंद केला. त्याच क्षणी त्यानं ठरवलं, की हेडफोन आणायचे.

आधी त्यानं गावच्या दुकानातून कानात खुपसायची बोंडं आणली. त्यांतलं डावं बोंड दुसऱ्या दिवशी मेलं आणि उजवं धाकट्या पोरानं कोंबडीच्या पाण्यात टाकलं. मग त्यानं ऑकलंडच्या चुलतभावाला, किलिसीला, फोन केला. परदेशी गेलेल्या चुलतभावाला जगातलं सगळं कळतं, अशी एक समजूत आहे, आणि ती त्या चुलतभावाचीच सगळ्यात जास्त असते.

"अरे वेड्या, उघड्या पाठीचे घे!" किलिसी म्हणाला. "मागं जाळी असते. हवा खेळते, आवाज मोकळा येतो. माझा साहेब तेच वापरतो."

सासूबाईंच्या कानावर हे पडलंच. पडायला तिथं आडकाठी काय होती? "उघड्या पाठीचे? चर्चच्या कामासाठी? पाद्रीबाबांना काय वाटेल?"

तरी एनोसानं आपियाच्या बाजारातून जुने, जाळीचे, उघड्या पाठीचे हेडफोन आणले. आवाज खरंच मोकळा होता, इतका मोकळा की तो सगळ्या घरात हिंडत होता. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तो चालीचा शेवट ऐकत पडला होता, तेवढ्यात फुआतिनोनं त्याला ढोसलं. "काढ ते! आई म्हणतेय डास स्तोत्र म्हणायला लागलेत."

तेव्हा त्यानं कचेरीच्या वेळात, कर्तव्य म्हणून, या विषयाचा अभ्यास केला. इंटरनेटवर जगभरचे रिकामटेकडे लोक हेडफोनांवर जे लिहितात, ते वाचून माणसाला वैराग्य येतं. एक म्हणतो, यांचा आवाज 'गडद' आहे. दुसरा म्हणतो, छे, 'कोमट' आहे. तिसरा त्या दोघांच्या अकलेवर येतो. चार दिवस डोळे फोडून एनोसाला एकच कामाची गोष्ट सापडली. लोकांत बसून शांतपणे ऐकायचं असेल तर पाठ बंद असलेले हेडफोन घ्यावेत. आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. यातलं पहिलं वाक्य त्यानं तीनदा वाचलं. दुसऱ्याकडे त्याचं लक्षच गेलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्या दुसऱ्यातूनच झालं.

"तेच तर मी सांगत होतो," किलिसी फोनवर म्हणाला. त्यानं ते अजिबात सांगितलं नव्हतं. पण खोक्यात डबाबंद मटण, पोरांच्या चपला आणि बायकांचं कापड यांच्यात एक बंद पाठीची जोडी घालून त्यानं ते पाठवून दिलं.

खोकं बंदरावर आलं आणि जकात कचेरीत अडकलं. तिथल्या साहेबांनी हेडफोन हातात घेऊन सावकाश फिरवले. "हे व्यापारासाठी?"

"नाही हो, माझ्यासाठी. चर्चचं गाणं आहे."

"कशावरून?"

आता कान दाखवण्यापलीकडे एनोसाकडे काय पुरावा होता? स्वतः कारकून असल्यामुळे त्याला त्या प्रश्नाबद्दल थोडा आदरही वाटला. साहेबांनी वस्तू तपासली पाहिजे म्हणून ती कानावर चढवली, फोन मागून घेतला, चाल लावली आणि डोळे मिटले. एनोसा उभा राहिला. मग बाकावर बसला. मागची रांग वाढली, जेवणाची सुट्टी झाली. अखेर साहेबांनी डोळे उघडले आणि ते जोरात ओरडले, "तिसरी ओळ अवघड आहे!" सगळी कचेरी दचकली. मग त्यांनी शिक्का मारला.

एवढं करून आणलेले हेडफोन त्याला एकच संध्याकाळ मिळाले. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांच्या पत्नी सासूबाईंकडे कोको प्यायला आल्या. खुंटीवरचे हेडफोन बघून त्या म्हणाल्या, "अगंबाई, काय सुंदर आहेत! आमच्या ह्यांना प्रवचनाची तयारी करताना किती उपयोग झाला असता." त्या गावात एवढं कुणी म्हटलं की वस्तू आपली राहत नाही. तीही पाद्रीबाबांच्या बायकोनं म्हटल्यावर! सासूबाईंनी स्वतःच्या हातानं ते खुंटीवरून काढून पिशवीत घातले. एनोसा हसत उभा होता. "घेऊन जा ना, आम्हाला काय करायचेत," असंही त्याच्याच तोंडून बाहेर पडलं.

रात्री फुआतिनो म्हणाली, "वाईट वाटलं?"

"नाही."

"मग ताटातला नीरफणस का कुस्करतोयस?"

"माझा नीरफणस आहे, मी कुस्करीन," एनोसा म्हणाला, आणि शेजारच्या घरात कुणीतरी हसलं.

अर्पणाला दहाएक दिवस उरले होते. शेवटी आपियाच्या एका किरकोळ दुकानात त्याला पुन्हा बंद पाठीची जोडी सापडली. काळी, जाडजूड, अगदी स्वस्तातली. पारख करायची म्हणून त्यानं ती दुकानदाराच्या डोक्यावर चढवली, गाणं लावलं आणि स्वतः हातभर अंतरावर कान देऊन उभा राहिला. जराही आवाज बाहेर येईना. "फार छान आहे!" दुकानदार त्याच्या तोंडावर किंचाळला. "घासाघीस करू नका!" एनोसानं केली नाही. त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं.

ती जोडी कानांना चिमट्यासारखी धरायची. आत घाम साचायचा, कानशिलं ठणकायची, चष्म्याच्या काड्या हाडात रुतायच्या. पण शांतता! लग्नानंतर पहिल्यांदा एनोसाला शेजाऱ्यांशिवायचं जग अनुभवायला मिळालं. कोंबडे नाहीत, पोरं नाहीत, सल्ले नाहीत. सासूबाईंचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द येत नसत. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. फुआतिनोला वाटलं, चिमटा घट्ट बसल्यामुळे आलं.

गुरुवारी कचेरीतून आल्यावर तो गावाच्या टोकाला, होड्यांच्या शेडमागं जाऊन बसला. तिसरी ओळ पुन्हा पुन्हा ऐकली. हलक्या आवाजात, अगदी ओठांतल्या ओठांत, म्हणून पाहिली. जमली! पुन्हा म्हटली. पुन्हा जमली! त्या आनंदात तो उठला आणि गावाच्या मधल्या हिरवळीवरून घराकडे निघाला.

आता गावची रीत अशी, की दिवेलागणीला पंच घंटा करतात. आंब्याला टांगलेला गॅसचा रिकामा सिलिंडर लोखंडानं बडवतात. मेलेला माणूस उठून बसेल असा आवाज. पहिल्या घंटेला सगळ्यांनी घरी जायचं, दुसरीला प्रार्थनेला बसायचं, आणि तिसरी होईपर्यंत कुणी चालायचं नाही, बोलायचं नाही, गाडी हाकायची नाही. हिरवळीवरून जायचं तर नावच नको. पट्टेवाल्या लुंग्या नेसून पंच कडेला पहाऱ्याला उभे राहतात.

पहिली घंटा झाली, दुसरी झाली. एनोसाच्या हेडफोनांची पाठ बंद होती.

आणि आपण ओठांतल्या ओठांत गातोय ही त्याची समजूत होती. कान बंद असलेल्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. जकातीच्या साहेबांना कळला नव्हता, दुकानदाराला कळला नव्हता. पण दुसऱ्याच्या अनुभवावरून शहाणं व्हायला माणूस मुळात शहाणा असावा लागतो. सगळं गाव माना खाली घालून बसलेलं, वाराही पडलेला, आणि हिरवळीच्या मधोमध आपला वरिष्ठ कारकून छाती फुटेस्तोवर स्तोत्र म्हणत चाललेला.

पहाऱ्याला तोफाए होते. तोफाए म्हणजे शेजारचेच, पंचांतले सगळ्यात कडक. त्यांनी काठी उगारली. एनोसाला वाटलं, म्हातारा ताल देतोय. त्यानं मान लववली आणि दुसरी ओळ घेतली. तोफाए त्याच्याकडे निघाले. पण शांततेत ओरडता येत नाही आणि धावताही येत नाही, नियम पंचांनाही आहेतच. त्यामुळे तोफाए दात-ओठ खात, झपाझप, पण प्रतिष्ठेनं चालू लागले. पुढं एनोसा गात आणि मागं तोफाए लाल होत, अशी ती मिरवणूक सगळ्या घरांच्या समोरून गेली. भिंती नसल्यामुळे कुणाचंच बघायचं राहिलं नाही. पोरांनी हसू दाबायला तोंडात चटया धरल्या. सासूबाई प्रार्थना सांगत होत्या. त्यांनी तिरक्या डोळ्यांनी बघितलं आणि प्रार्थना लांबवली. एरवी ज्यांच्याशी बोलणं नाही अशा नातेवाइकांसाठीही त्यांनी देवाकडे मागणं मागितलं, कारण एकदा 'आमेन' झालं की मान वर करावी लागणार होती.

एनोसानं चौथी ओळ संपवली, डोळे उघडले आणि समोर फुआतिनोचा चेहरा बघितला. मग त्यानं हेडफोन काढले. इतकी भयाण शांतता त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

सोमवारी सकाळी पंच बसले. पंचांच्या घरात खांबाला टेकून बसायचा मान पदवीवाल्यांचा. एनोसा बाहेर गवतावर मांडी घालून, मान खाली घालून बसला. कान अजून सुजलेले होते. गुरुवारपासून सासूबाई त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, आणि भिंती नसताना अबोला धरायचा म्हणजे फार कष्टाचं काम असतं.

तोफाएंनी गुन्हा सांगितला. हिरवळीवरून चालला, शांततेत गायला, आणि वर पंचाला मान लववून दाखवली. कुणीतरी खोकल्याचं सोंग करून हसलं.

मग लाफाएले घराण्यातर्फे उठला, कारण घरातल्या कुणालाही दंड झाला तरी तो घराण्याच्या प्रमुखाच्या नावावर पडतो. एनोसाला वाटलं, आता हा आपली चंपी करणार. पण लाफाएले मऊ आवाजात बोलला, "पंचहो, आपलं सगळं खरं. पण माणूस परगावचा. सावाईचा. घरजावई म्हणजे पाहुणाच. पाहुण्याला दंड करायचा नाही, ही आपली जुनी रीत. बिचाऱ्याला आपल्या घंटेचं काय कळणार? सोडून द्यावं."

पंचांनी माना डोलवल्या. चांगलं बोलला, मोठ्या मनानं बोलला. वृद्ध पंच म्हणाले, "पाहुणा खरा. सोडून देऊ."

एनोसाचा जीव भांड्यात पडला. दंड वाचला, अब्रू वाचली. पण लगेच पंचांतच बसलेले मास्तर सुलामानाया घसा साफ करून बोलले, "निकाल मान्य. मग एक सांगून ठेवतो. पाहुण्याला आपण गाऊन दाखवतो, त्याच्याकडून गाऊन घेत नाही. अर्पणाच्या चार ओळी गावच्याच माणसानं म्हणायला हव्यात. त्या लाफाएले म्हणेल."

लाफाएले नम्रपणे जमिनीकडे बघत होता.

चार ओळी गेल्या त्या गेल्याच, पण त्याहून वाईट काहीतरी झालं होतं. आज पंचांनी अधिकृतपणे ठरवलं होतं, की तो पाहुणा आहे. उद्या त्याची पोरं मोठी होतील, तो म्हातारा होईल, मरेल, आणि कुणीतरी हळहळून म्हणेल, की पाहुणा चांगला होता हो. इतकी वर्षं खाल्लेला भट्टीचा सगळा धूर त्याच्या घशाशी आला.

"मला दंड करा!"

गवतावरच्या माणसानं पंचांत बोलायचं नसतं. सगळ्यांच्या माना वळल्या. एनोसा उठून उभाच राहिला होता.

"मला घंटा कळत नाही असं कोण म्हणतं? रोज ऐकतो मी ती. तुमच्या भट्ट्या मी पेटवल्या, तुमच्या मयतांना खड्डे मी खणले, या नव्या चर्चची वाळू याच खांद्यावरून वाहिली. तेव्हा नव्हतो मी पाहुणा? आणि आज चूक केली तर पाहुणा? चूक माझी आहे. करा दंड. लाफाएलेच्या नावावर नको, घराण्याच्या नावावर नको, माझ्या नावावर करा. मी थकलो हो पाहुणा राहून राहून!"

लाफाएले आता जमिनीकडे बघत नव्हता. तो एनोसाकडे, पहिल्यांदाच भेटल्यासारखा, बघत होता. तोफाएंनी काठी जमिनीवर आपटली.

"शांतता मोडल्याबद्दल माशांच्या डब्यांची दोन खोकी," ते म्हणाले. मग थांबले, आजूबाजूला बघितलं आणि आवाज चढवून म्हणाले, "आणि परवानगी नसताना पंचांत तोंड उघडल्याबद्दल एक डुक्कर. मोठं. एनोसाच्या नावावर."

कुणीही हरकत घेतली नाही. लाफाएलेनंसुद्धा नाही.

"आणि तिसरी ओळ," मास्तर करवादले, "ती मी गुरुवारी नीट ऐकलीय. अजूनही पडते. संध्याकाळी तालमीला ये. कानात काही न घालता."

एनोसा घरी आला तेव्हा फुआतिनो खांबाला धरून उभी होती. "काय झालं?"

"दंड झाला," तो मटकन चटईवर बसत म्हणाला. "दोन खोकी मासे आणि एक मोठं डुक्कर. कुठून आणायचं देव जाणे."

"दादाच्या नावावर?"

"माझ्या."

तिनं तोंडावर हात धरला आणि मग ती हसायला लागली की रडायला, ते त्याला नीट कळेना. तोवर विणायची चटई बाजूला सारून सासूबाई उठल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या घराच्या कडेला गेल्या आणि शेजारणीला, तिच्या पलीकडच्या घराला आणि त्याच्याही पलीकडच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलंस का गं? दोन दंड झाले आमच्या एनोसाला! एकदम दोन! पाहुण्याला करतात का कुणी?"